शत्रूच्या समक्ष

पुण्यात धानोरीत राहायचं म्हणजे अर्धं वाक्य तोंडात धरून बसायची सवय लागते. लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उठलं की खिडकीच्या काचा थरथरतात, फोनवरचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत राहतो आणि आपण उगीचच हात वर करून त्याला थांबायची खूण करतो, जशी काही त्याला ती दिसणार आहे. सुखोई-३० विमानं देशात पहिल्यांदा आली ती इथेच, १९९७ मध्ये. अप्पांनी त्याच सुमाराला निवृत्तीच्या पैशातून इथे जागा घेतली. जागा एवढी स्वस्त का मिळाली ते पहिल्याच सकाळी कळलं, असं आई म्हणायची.

अप्पा मात्र आवाज आला की उठून गॅलरीत जातात. पंचाहत्तरीला आले, गुडघे कुरकुरतात, तरी जातात आणि विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभे राहतात. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. खड्डा खणायचा, तोफ बसवायची, खड्डा बुजवायचा, पुढे जायचं, यात उमेद गेली. त्यांना विमानाचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं होतं. 'त्यात माणूस बसलाय ना,' म्हणाले. उत्तर इतकं साधं वाटलं की तेव्हा मी ते सोडून दिलं.

ते वाक्य आठवलं भाच्याच्या कांदेपोह्यांच्या वेळी.

भाचा आर्मी एव्हिएशनमध्ये कॅप्टन आहे. त्याचा बायोडेटा मीच टाइप केला होता आणि 'पायलट, आर.पी.ए.एस.' असं लिहिलं होतं. ताईने छापताना पुढची अक्षरं गाळली. 'लोकांना कळत नाही गं ते,' म्हणाली. तर सहकारनगरातल्या त्या नीटनेटक्या दिवाणखान्यात मुलीच्या वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'कोणतं विमान चालवता आपण?'

'हेरॉन.'

'अच्छा. किती सीटर असतं ते?'

'त्यात सीट नसते, काका.'

पोह्यांच्या बशीतला चमचा थांबला. मग त्याने शांतपणे समजावून सांगितलं. आर.पी.ए.एस. म्हणजे दुरून चालवायचं विमान. आपण कंट्रोल स्टेशनमध्ये बसतो, विमान वर असतं. मुलीची आई म्हणाली, 'म्हणजे ड्रोन! आमच्या पुतणीच्या लग्नात होता तो शूटिंगला.' यावर भाच्याने पंखांची लांबी सांगितली, साधारण साडेसोळा मीटर, आणि मुलीच्या वडिलांनी नकळत आपल्या दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. सोळा मीटर बसत नव्हते. कुणीतरी आत्या होत्या, त्या मनापासून म्हणाल्या, 'म्हणजे धोका काहीच नाही! बरंच झालं की.' आणि 'बरंच झालं' म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा जरासा उतरला. माझ्या डोळ्यांसमोर अजून तो चेहरा आहे. जावई सुखरूप हवा, पण तो मरणाच्या तोंडातून सुखरूप आलेला हवा. घरबसल्या सुखरूप नको.

निघताना 'कळवतो' म्हणाले. पुण्यात 'कळवतो'चा अर्थ सांगायला लागत नाही. चार दिवसांनी मध्यस्थ बाईंकडून ताईला कळलंच, 'त्यांना वाटलं होतं, खरा पायलट आहे.'

भाचा हसला. 'मावशी, मेसमध्येही हेच चालतं. फक्त तिथे विनोद म्हणून.' त्याचे काही मित्र चीता हेलिकॉप्टर चालवतात, सियाचीनला, जिथे खाटेएवढ्या जागेवर उतरायचं असतं. ते याला विचारतात, आज किती वेळा खुर्चीतून पडलास? याला राग येत नाही. 'त्यांचं खरंच अवघड आहे गं,' असं तो म्हणतो. नाशिकच्या ज्या ट्रेनिंग स्कूलमध्ये हेलिकॉप्टरवाले शिकतात तिथेच याचंही शिक्षण झालं. यांच्या कामाला तिथे नाव आहे 'इंटर्नल पायलट'. इंटर्नल, म्हणजे कशाच्या आत? विमानाच्या तर नाही. केबिनच्या आत. त्याला एका शब्दाचा मात्र मनापासून राग आहे, वर्तमानपत्रातल्या 'मानवरहित'चा. 'मानव मी आहे ना! मी काय रहित आहे?' अमेरिकेच्या हवाई दलाचंही हेच म्हणणं. ते अधिकृत कागदांत ड्रोन म्हणत नाहीत, दुरून चालवलेलं विमान म्हणतात, म्हणजे चालवणारा आहे हे विसरलं जाऊ नये.

खरं तर हा सगळा मानापमान अमेरिकेत आपल्याआधी घडून गेला आहे, आणि जास्त कडवटपणे. त्यांचं हवाई दल वैमानिकांनी उभं केलं, वैमानिकांनीच चालवलं. छातीवरचे विंग्स हीच तिथली जात. २००१ च्या ऑक्टोबरात प्रेडेटर नावाच्या ड्रोनने अफगाणिस्तानात क्षेपणास्त्र डागलं तेव्हा तो चालवायला ज्यांना बसवलं ते लढाऊ किंवा मालवाहू विमानांवरून उचलून आणलेले. पुष्कळांना ती शिक्षा वाटे. कधी एकदा कॉकपिटमध्ये परत जातो असं व्हायचं. २००८ मध्ये तर संरक्षण मंत्री रॉबर्ट गेट्स जाहीरपणे म्हणाले की हवाई दलाकडून ही विमानं युद्धात उतरवून घेणं म्हणजे दात उपटण्यासारखं आहे. मग पुढे थेट याच कामासाठी भरती सुरू झाली. वेगळी शाखा, वेगळे विंग्स. आणि वेगळं म्हटलं की वरचं-खालचं आलंच. एअर फोर्सला 'चेअर फोर्स' म्हणायचा तिकडचा जुना विनोद यांच्या वाट्याला नव्याने आला.

त्यांचं मोठं ठाणं नेवाडाच्या वाळवंटात, क्रीच नावाचं. लास वेगासपासून सत्तरेक किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-लोणावळ्याहून थोडं जास्त. विमान उडवायचं आणि उतरवायचं काम युद्धभूमीजवळची तुकडी करते, कारण उपग्रहावरून हुकूम पोचायला क्षण-दोन क्षण लागतात आणि धावपट्टीजवळ तेवढा उशीर परवडत नाही. मधले सगळे तास नेवाडातले लोक चालवतात. मग शिफ्ट संपते. मग गाडी, हायवे, घर. वाटेत दूध घ्यायचं असतं.

भारतीय सैनिकाच्या घरात वाढलेल्या कुणालाही इथे काय खटकतं ते लगेच कळेल. आमच्याकडे आयुष्याचे दोनच भाग होते, फील्ड आणि पीस, म्हणजे सीमेवरची नेमणूक आणि शांत ठाण्यावरची. अप्पा फील्डला असले की आई देवापुढचा दिवा रात्रभर ठेवायची. पीसला असले की त्यांचा डबा करायची. दोन्ही एकाच दिवशी कधी नसायचं. फील्डवरून येणारा माणूस रेल्वेत दोन दिवस काढून यायचा आणि त्या दोन दिवसांत थोडा थोडा घरचा होत यायचा. तरी पहिली रात्र तो अंगणात झोपायचा. सकाळी फील्ड आणि संध्याकाळी पीस, रोज, अशी नोकरी आईला समजावून सांगता आली नसती.

आता पदकाची गोष्ट. १३ फेब्रुवारी २०१३ ला अमेरिकेचे संरक्षण मंत्री लिऑन पॅनेटा यांनी एक नवं पदक जाहीर केलं, डिस्टिंग्विश्ड वॉरफेअर मेडल. रणांगणावर न जाता, पण लढाईच्या निकालावर थेट परिणाम करणाऱ्यांसाठी; म्हणजे मुख्यतः ड्रोनवाले आणि सायबरवाले. इथपर्यंत कुणी काही बोललं नसतं. पण मानाच्या उतरंडीत हे पदक ब्राँझ स्टारच्या वर ठेवलं गेलं, युद्धात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्टच्याही वर. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. 'निन्टेंडो मेडल' असं नाव पडलं, म्हणजे व्हिडिओ गेमचं पदक. पॅनेटांच्या जागी चक हेगल आले, त्यांनी फेरविचाराला घातलं, आणि एप्रिलमध्ये पदक रद्द. दोन महिन्यांत जन्म आणि मरण. तेवढ्या काळात ते एकालाही दिलं गेलं नव्हतं. पुढे २०१६ मध्ये तोड निघाली ती अशी: आहे त्याच पदकाच्या फितीवर इंग्रजी 'आर' अक्षर लावायचं. आर म्हणजे रिमोट. 'हा दूर होता' एवढंच सांगणारं एक बारीकसं अक्षर.

मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं नातवाच्या बाजूने काहीतरी बोलतील. ते म्हणाले, 'बरोबर केलं रद्द.' मग कपाट उघडून त्यांनी आपली पदकं काढली. वर्षातून दोनदा निघतात. त्यात १९७१ चं पश्चिमी स्टार. पूर्व आघाडीवर होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेला होता त्याला पश्चिमी. 'हे कशासाठी दिलं, काय केलं म्हणून नाही,' अप्पा म्हणाले, 'कुठे होतो म्हणून.'

हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. सैन्याची पदकं पुष्कळदा एखाद्या जागेची असतात. तिथे असणं, तेवढं पुरतं, कारण तिथे असणं म्हणजे मरू शकणं. ब्रिटननेही आपल्या रीपर ड्रोनच्या चमूंना इस्लामिक स्टेटविरुद्धच्या मोहिमेचं पदक द्यायचं ठरवलं तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांना आधी ही भूगोलाची अट सोडावी लागली.

आपल्याकडे शब्द आणखी काटेकोर आहेत. परमवीर, महावीर, वीर या तिन्ही चक्रांच्या नियमांत एक अट सारखी आहे: शौर्य शत्रूच्या समक्ष हवं, मग ते जमिनीवर असो, समुद्रात असो की हवेत. शत्रू समोर नसतानाच्या शौर्याला अशोक चक्राची वेगळी ओळ. हवाई दलाला आजवर एकच परमवीर चक्र आहे, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग शेखों यांचं. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. धावपट्टीवर बाँब पडत असताना त्यांनी आपलं चिमुकलं नॅट विमान उडवलं आणि सहा पाकिस्तानी सेबर विमानांना एकट्याने तोंड दिलं. अप्पा शेखोंचं नाव उभ्याने घेतात.

याच्या शेजारी दुसरं एक नाव ठेवून बघा. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटनंतरची सकाळ. पाकिस्तानी विमानं येताना रडारच्या पडद्यावर पाहून आपल्या वैमानिकांना दिशा देणाऱ्या फायटर कंट्रोलर होत्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल. त्या जमिनीवर होत्या. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी त्या लढतीतले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांना वीर चक्र जाहीर झालं आणि मिंटी अगरवालना युद्ध सेवा पदक, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एकाला वीर, एकीला सेवा. यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. एक माणूस विमानासकट खाली पडला होता, शत्रूच्या ताब्यात गेला होता. पण आपल्याकडे सगळं असं शब्दांतच आधी ठरलेलं असतं, हे बघून गंमत वाटते. पडद्यासमोर बसून जे काही कराल ती सेवा.

अप्पांना मी म्हटलं, 'मग तुमचं काय? तुम्ही तरी शत्रू कुठे पाहिला?'

हा प्रश्न गनरला, म्हणजे तोफवाल्याला, विचारू नये. त्यांनी मला आधी पानिपत ऐकवलं. त्यांच्या मते पानिपत हरलो ते घोडेवाल्यांच्या तोऱ्यामुळे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा काम करत होत्या, पण तोफेच्या आडोशाने लढायची स्वारांना लाज वाटली, गोलाची रचना मोडून पुढे धावले, आणि जो हलला नाही तो गारदी जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. इतिहासकार याला आणखी दहा कारणं जोडतील. अप्पांना एकच पुरतं. दुरून मारणारा हलका, हे त्यांनीही ऐकून घेतलेलं आहे, पायदळवाल्यांकडून, कँटीनच्या रांगेत. म्हणून तोफखाना आपल्या तोफेलाच निशाण मानतो. बाकीच्या पलटणींना झेंडा, यांना तोफ.

पानिपत झाल्यावर ते मूळ प्रश्नाकडे आले. पंचवीस पाउंडर तोफ होती. ओपीवाले, म्हणजे निरीक्षण चौकीवरचे, साहेब पुढे, कुठेतरी टेकाडावर दुर्बीण लावून. ते वायरलेसवर आकडे सांगणार, कमांड पोस्ट ते तोफेपर्यंत पोचवणार, यांनी तेवढा कोन धरून गोळा भरायचा. 'आम्हाला समोर काय दिसायचं? बाभूळ.' एक बाभळीचं झाड, ज्याच्या रोखाने तोफ लावलेली. युद्धबंदीनंतर साहेब मागे आले आणि म्हणाले, राउंड चांगले पडले. 'कशावर पडले?' मी विचारलं. 'विचारलं नाही.' पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढंच माहीत आहे त्यांना, राउंड चांगले पडले.

आणि इथे मला तो शब्दच वेगळा दिसायला लागला. समक्ष. त्यात 'अक्ष' आहे, डोळा. समोरासमोर म्हणजे डोळ्यांसमोर. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात अंतर होतं, धोका होता, हे उघड आहे. पण मराठीत तो शब्द बघण्याचा आहे. अप्पांनी जे केलं ते परोक्ष, डोळ्यांपलीकडे, बाभळीच्या पलीकडे. तरी ते युद्धात होते. नातू सुरक्षित केबिनमध्ये बसून जे बघतो ते अक्षरशः समक्ष. तरी तो खरा पायलट नाही.

भाचा कामाबद्दल काही बोलत नाही, बोलूही नये. एकदाच, दिवाळीत, चकल्या पाडताना सहज म्हणाला होता, 'एका घराचं अंगण मला आपल्या अंगणापेक्षा पाठ आहे, मावशी. तिथली म्हातारी कोंबड्यांना किती वाजता दाणे टाकते तेही.' मी विचारलं, कुठलं घर? त्याने सोऱ्यात पीठ भरलं आणि विषय बदलला.

त्याच्या विमानावर शस्त्र नाही. महाभारतातल्या संजयासारखं आहे त्याचं. सगळं दिसतं, हातात बाण नाही. पण भारताने २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला आहे. १५ नौदलाला, ८ हवाई दलाला, ८ भूदलाला. ती शस्त्रं वाहणारी आहेत, आणि हवेत एका दमात दिवसाहून जास्त काळ राहू शकतात. हवाई दलाने २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स नावाची नवी शाखा काढली, तीत क्षेपणास्त्रवाल्यांबरोबर दुरून विमान चालवणाऱ्यांनाही घेतलं. म्हणजे संजयाच्या हाती बाण येणार आहे. म्हातारीचं अंगण तीन आठवडे बघायचं आणि मग एक दिवस त्या अंगणात कुणीतरी यायचं, ज्याची वाट बघत होतो तो. आणि बाण सोडल्यावर निघून जायचं नाही. वरच घिरट्या घालत राहायचं, काय झालं ते मोजायला. लढाऊ वैमानिक तोवर शंभर कोस पुढे गेलेला असतो. तोफवाला बाभूळ बघत असतो.

याने माणसं मोडतात का? सरसकट मोडतात असं चित्र रंगवायला लोकांना आवडतं, पण अमेरिकी सैन्याच्याच आरोग्य विभागाच्या २०१३ च्या पाहणीत ड्रोनवाले आणि कॉकपिटमधले वैमानिक यांच्यात मानसिक आजारांचं प्रमाण साधारण सारखंच निघालं होतं. त्यांना जास्त पिळतात त्या न संपणाऱ्या शिफ्ट आणि अपुरी माणसं. सोडून जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये त्यांना वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत जादा भत्ता देऊ केला गेला. तेव्हा बिचारे, कोमल हृदयाचे, असं म्हणून मला भाच्याला वर चढवायचं नाही. तोही ते खपवून घेणार नाही.

युक्रेनमध्ये मात्र सगळं उलटं झालं आहे. तिथला ड्रोन चालवणारा आघाडीपासून काही किलोमीटरवर तळघरात किंवा खंदकात बसतो आणि दोन्ही बाजू आधी त्यालाच शोधतात. २०२४ मध्ये तिथे ड्रोनवाल्यांचं स्वतंत्र दलच उभं राहिलं. त्यांना तिथे कुणी चेअर फोर्स म्हणत नाही. खुर्ची तीच, पडदाही तोच. फक्त आता खुर्चीवर बाँब पडू शकतो. अप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू एक हिशेब जुळला. 'मग ठीक आहे,' म्हणाले. मला ते 'ठीक आहे' जरा जड गेलं. मरण्याची सोय झाली की मान मिळतो, हा हिशेब त्यांना इतका सहज जुळावा? पण त्यांच्या पदकांचा डबा समोरच उघडा होता, मी काय बोलणार.

मे महिन्यात भाचा सुट्टीवर आला होता. संध्याकाळी लाइट गेले म्हणून आम्ही तिघं गच्चीवर चटई टाकून बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अप्पांनी अचानक त्याला विचारलं, 'राउंड कुठे पडला, ते तुम्हीच सांगता ना आता?'

'हो, आजोबा. सरावाला तुमच्या तोफांचे राउंड आम्हीच बघतो वरून.'

'नीट दिसतं?'

'नीट.'

'पडल्यानंतरचंही?'

तो काही बोलला नाही. अप्पांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांनी आपली काठी उगीच या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात लोहगावहून जोडीने दोन सुखोई उठली. अप्पा कठड्याला धरून उठले, मान वर. मीही वर बघितलं, त्या आवाजात दुसरं काही करताच येत नाही. आवाज ओसरला तेव्हा बघते तर भाच्याने मान वर केलेलीच नव्हती. तो समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघत होता, शांत, पापणीही न हलवता.

'तिथे मघाशी सहा जण होते,' तो म्हणाला. 'आता पाच आहेत.'

अप्पांनी समोर पाहिलं, मग खाली जिन्याकडे.

'लाइट आले,' ते म्हणाले. 'मोटर बंद करायला गेला असेल. टाकी वाहतेय त्यांची.'